बर्फावरची साजिदा

कासमला आधी त्या बाईचे हात आवडले, आणि मग ती बाई साजिदा निघाली.

मध्ये फार वेळ गेला नसेल. पण तेवढ्या वेळात तो एका परक्या बाईकडे बघत होता आणि ती त्याला मनापासून आवडली होती, यात खोटं काही नव्हतं. वरच्या मजल्यावर काचेशी तो उभा होता. काचेपलीकडे, खाली, बर्फात खेळून गारठलेल्या मुलांना आत घेऊन शेकवायची खोली होती; तिचं एक दार बर्फाकडे उघडत होतं आणि दुसरं गालिचा घातलेल्या उबदार बाजूला. गडद निळं जाकीट घातलेली एक बाई गुडघ्यांवर बसून एका मुलाचे हातमोजे काढत होती. ओढून काढत नव्हती. करंगळीपासून एकेक बोट आधी सैल करायची, आणि मग मोजा आपण होऊन निघाल्यासारखा निघायचा. नंतर ते लाल झालेले हात ती आपल्या दोन तळव्यांमध्ये धरायची. चोळायची नाही, नुसते धरून ठेवायची, आणि मुलाच्या तोंडाकडे बघत त्याला काहीतरी विचारायची. मूल रडं विसरून उत्तर द्यायचं. मागे रांग होती, रांगेत कुरकुरणारी पोरं होती, काळे अबाये घातलेल्या आया होत्या, फिलिपिनो दाया होत्या, पण त्या बाईला घाई म्हणून नव्हती, आणि तरी रांग पुढे सरकत होती. हिच्या घरची माणसं सुखी असतील, असं कासमच्या मनात आलं. तेवढ्यात तिनं मान वर केली, हनुवटीखाली घट्ट बांधलेला राखाडी स्कार्फ मनगटानं मागे सारला, आणि कासमला आपली बायको दिसली. त्यानं पटकन काचेवरचा हात काढून घेतला. जणू कुणी त्याला बघताना पकडलं होतं.

खरं तर ती इथं असणार हे त्याला माहीत होतं. ती इथंच तर कामाला होती. घरात या जागेला 'बर्फ' म्हणायची पद्धत पडली होती. अम्मी बर्फावर गेलीय, अम्मी बर्फावरून आली की जेवू, असं त्यांची मुलगी हनिया म्हणायची, आणि शहराच्या अल मन्सूरा भागातल्या त्यांच्या जुन्या बिल्डिंगीत, खालच्या किराणावाल्यापासून वरच्या मलबारी शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते तोंडपाठ झालं होतं. हिवाळ्यात तिनं काम धरलं. आता बाहेर उन्हानं गाडीचं स्टिअरिंग हात भाजत होतं, आणि एवढ्या दिवसांत कासम एकदाही इथं आला नव्हता. आज शुक्रवार, त्याला सुट्टी, हनियाची परीक्षा संपलेली. तिला मैत्रिणींबरोबर बर्फाच्या उतारावर घसरायला जायचं होतं आणि सोडायला कोणी हवं होतं. जुम्म्याची नमाज झाल्यावर तो तिला घेऊन निघाला. शहर मागे पडलं, समैस्माकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना नुसतं पांढुरकं सपाट ऊन होतं, आणि त्या उन्हात ही कृत्रिम बर्फाची अवाढव्य इमारत पाठ करून बसलेली. बाहेरून बघताना त्याला बंदरावरचा रीफर कंटेनर आठवला, ज्यात मासे नि फळं थंड ठेवून आणतात. हमद पोर्टच्या यार्डात कोणता कंटेनर कुठं ठेवायचा हे ठरवण्यात त्याची सगळी नोकरी चालली होती, त्यामुळे जगातल्या बऱ्याचशा वस्तू त्याला बाहेरूनच माहीत होत्या. आत काय असतं हा त्याचा विषय नव्हता. "अब्बा, यू आर नॉट कमिंग इन?" बूट बांधता बांधता हनियानं विचारलं. त्यानं दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ओके, देन सिट समव्हेअर नाइस," असं म्हणून ती मैत्रिणींमागे पळाली, आणि कासम एकटा उरला.

बसायला जागा शोधत तो फिरत राहिला, आणि फिरता फिरता त्याला एका गोष्टीचं नवल वाटायला लागलं. उतार तिकडे दूर, टोकाला होता. घसरणारी माणसं तिथं ठिपक्यांएवढी दिसत होती. पण इमारतीचा मोठा भाग न घसरणाऱ्यांसाठी होता. गुडघे दुखणाऱ्यांसाठी, पोटुशा बायांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, तान्ही मुलं असलेल्यांसाठी कोणीतरी बसून विचार केला होता. लाकडी घरासारखं एक कॅफे होतं, त्यात विजेची शेकोटी, आणि शेकोटीपाशी बसून एक म्हातारे कतारी गृहस्थ डोळे मिटून तसबीहचे मणी ओढत होते. बाळांना पाजायची खोली होती, जाड पडद्यांची. तिच्या बाहेर बापांसाठी खुर्च्या होत्या. पुरुषांची नमाजाची खोली होती, बायकांची होती, आणि दोन्हींच्या दारात वुजूचे ओले पाय पुसायला ऊन ऊन टॉवेल. एका टेबलावर मुलं बिस्किटांवर साखरेचा बर्फ काढत होती. बाबागाड्यांना चाकांऐवजी घसरपट्ट्या लावून ठेवल्या होत्या, म्हणजे बाळाला न उठवता बर्फावरून नेता येईल. हे ज्याला सुचलं त्याचं कासमला कौतुक वाटलं. पुढे दुकानं होती. बाहेर माणूस दारापासून गाडीपर्यंत जाताना घामानं भिजतो त्या गावात इथं लोकरीचे कोट टांगलेले होते, फरच्या कॉलरचे, आणि लोक ते घालून आरशासमोर हळूहळू वळत होते. लोकरीच्या वासात ऊदचा वास मिसळलेला. एका मुलीचा बाप तिच्यासाठी टोपी निवडत होता, आणि ती प्रत्येक टोपी घालून डोळे मिटून घ्यायची, मग बापानं सांगायचं कशी दिसते. कासमनं एका कोटाची बाही बोटांत धरून पाहिली. इतकी मऊ गोष्ट त्यानं यापूर्वी हातात धरलेली त्याला आठवेना. विक्रेत्यानं 'सर' म्हणून हसून विचारलं, तसा तो शुक्रन म्हणून बाहेर पडला आणि जिना चढून या काचेपाशी आला.

आणि इथं ती होती. तो आता तिच्याकडे साजिदा म्हणून बघायचा प्रयत्न करू लागला, पण ते जमेना. साजिदा म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे जे यायचं ते म्हणजे पाठ. ओट्याशी उभी असलेली पाठ, नमाजाच्या मुसल्यावरची पाठ, आणि झोपेतली. समोरून तिला बघायची वेळ दिवसात कधी यायची? जेवताना तो बातम्या बघायचा. काम धरायचं ठरलं तेव्हाही तो जेवत होता. अर्ज हनियानंच मोबाइलवरून भरून दिला होता, मुलाखतही होऊन गेली होती, साजिदानं त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "मुलांकडं बघायचं काम आहे. घेऊ काय?" कासम म्हणाला, "तुझी मर्जी." हे शब्द त्याच्या घरात कसे वापरतात ते दाभोळच्या त्यांच्या मोहल्ल्यात कोणालाही विचारावं. त्याचे वडील ते म्हणाले की आई गप्प व्हायची, माहेरचं लग्न असो की नवं भांडं, विषय खलास. साजिदाला ते माहीत नसेल असं नव्हतं. पण ती त्या दिवशी "बरं" म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात सकाळी डबा भरून मेट्रोनं निघून गेली. शब्दाचा जो अर्थ होतो तोच तिनं धरला होता. यावर भांडणार तरी कशाच्या जोरावर? त्यानं आपलं मनाशी ठरवून टाकलं की घरी बसून कंटाळली आहे, चार दिवस जाईल. तो त्याबद्दल काही विचारत नसे, आणि तीही सांगत नसे. फक्त तिच्या स्कार्फला संध्याकाळी एक वास यायचा, थंड लोखंडासारखा, स्वच्छ. आणि तो वास आला की कासम घरात कुठं असेल तिथून वळून बघायचा.

खाली तिनं एका मुलाच्या बुटातला बर्फ झटकला आणि ती हसली. आवाज काचेतून येत नव्हता. तिचे खांदे हलले, तोंड उघडलं, पुढचा थोडा वाकडा दात दिसला. तो दात लग्नात त्याच्या बहिणींनी हेरला होता, आणि तेव्हापासून साजिदा हसताना तोंडावर हात धरायची. इथं तिचे दोन्ही हात कामात होते. कासमला एकदम एक दुपार आठवली, जी त्यानं पाहिलीच नव्हती. हनिया लहान असताना तापानं तिला झटका आला होता, तो बंदरावर, फोन लॉकरमध्ये. साजिदाला तेव्हा हिंदी अडखळत यायचं, इंग्रजी तर नाहीच. ती पोरीला घेऊन खाली उतरली, कुठली तरी टॅक्सी तिनं थांबवली, हॉस्पिटलात पोचली, कोणाकोणाला काय काय सांगितलं, आणि तो घरी आला तेव्हा पोर झोपली होती आणि शेगडीवर डाळ होती. "तापलेली. नेऊन आणली. आता बरी हाय," एवढंच ती म्हणाली. तो म्हणाला, "बरं झालं." त्यानं विचारलं नाही, कशी नेलीस? टॅक्सीवाल्याला काय सांगितलंस? घाबरलीस काय? हे सगळे प्रश्न आता, या थंड काचेशी, एवढ्या वर्षांनी त्याच्या तोंडात गोळा झाले. त्या दुपारीही ती अशीच असणार, असं त्याला वाटलं. तेव्हाही हिचे हात असेच चालले असतील. आपण रिकामी समजून सांभाळलेल्या डबीत काहीतरी मोलाचं निघावं आणि ते सगळ्या गावानं आधीच बघितलेलं असावं, तसा त्याला आनंदही झाला आणि कसंसंही.

कारण आज तो नुसता हनियाला सोडायला आला नव्हता. काल त्यानं रिफतला, गावच्या धाकट्या भावाला, हो म्हणून सांगितलं होतं. जूनअखेर नोकरी सोडून कायमचं दाभोळला यायचं. खाडीवरच्या घराला वरचा मजला झाला होता, पडवीत फरशी बसली होती, रिफत रोज फोन करून विचारायचा, कवा येतांस? आणि कासमला त्या पडवीचं जे चित्र दिसायचं त्यात संध्याकाळ असायची, फेरीबोट पलीकडे निघालेली असायची, तो आरामखुर्चीत असायचा, आणि आतून चहा यायचा. साजिदाला त्यानं सांगितलं नव्हतं. आज घरी नेताना गाडीत सांगू, असं ठरवलं होतं. गाडीत बरं असतं, दोघांनाही समोर रस्त्याकडे बघता येतं.

"तुम्ही साजिदाचे मिस्टर ना?" मागून कोणीतरी मराठीत विचारलं. लोकरी मोजे भाड्यानं देण्याच्या काउंटरवरची एक गोरटेली तरुण बाई होती, छातीवर 'प्रिन्सी' अशी पट्टी. "मोबाइलवर फोटो बघितलाय तुमचा. मी वसईची. अहो, वर काय उभे राहिलात, खाली जा ना! आमच्या साजिदाला जवळून बघायला पाहिजे. अरबी बायका विचारत येतात, ती निळ्या जाकीटवाली आहे काय आज, नसेल तर पोरांना आत सोडत नाहीत." ती हे इतकं सहज बोलली की कासमला कुठं बघावं कळेना. आपल्या बायकोविषयीची बातमी आपण तिऱ्हाइताकडून ऐकतोय, आणि ऐकून छाती फुगतेय, आणि फुगायचा आपल्याला हक्क किती आहे, असं त्याच्या मनात एकापाठोपाठ एक आलं. तो जिना उतरू लागला.

तो खाली पोचला तेव्हा बर्फाच्या हॉलमधले दिवे निळसर होत होते. खोटा हिमवर्षाव सुरू व्हायची वेळ झाली होती. छतातून भुरभुर पांढरं पडू लागलं, मुलांनी एकच गलका केला, आणि त्याच्यासारखा माणूससुद्धा दारात थबकून वर बघत राहिला. ते पडणं फार सुंदर होतं. आवाज नसलेलं पडणं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या ओळखीचं जे काही आभाळातून पडायचं ते कौलांवर वाजत पडायचं. एक कण त्याच्या मनगटावर येऊन बसला आणि बघता बघता नाहीसा झाला. तेवढ्यात त्या गलक्यातून एक वेगळा आवाज आला. एक तरुण कतारी बाई, अबायावर रिझॉर्टचं जाड जाकीट चढवलेलं, बर्फातून अडखळत दाराकडे येत होती आणि "बिंती! वेन बिंती?" म्हणत होती. माझी मुलगी कुठाय, माझी मुलगी. लोक दाराशी जमले. कोणी मोबाइल बाहेर काढला, कोणी मुलीचं नाव विचारू लागलं, एक जण उगाचच शिट्टी मारू लागला. कासम त्या गर्दीत सगळ्यांत पुढे होता, आणि काय करावं हे त्यालाही सुचत नव्हतं. मागून कोणीतरी त्याच्या दंडाला धरलं, हलकेच पण ठाम, आणि बाजूला केलं. "सर, प्लीज. साइड." निळं जाकीट त्याच्या अंगावरून पुढे गेलं. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. तिच्या हाताची ऊब त्याच्या दंडावर राहिली, आणि तो खरोखरच बाजूला झाला, भिंतीला लागून, शाळेतल्या मुलासारखा.

साजिदानं आधी आईचे दोन्ही हात धरले आणि अरबीत विचारलं, नाव काय, टोपी कसली. लुल्वा. पिवळी टोपी. मग तिनं खांद्यावरच्या वॉकीटॉकीत दोनच वाक्यं सांगितली. दार बंद झालं, बर्फ पडायचा थांबला, निळे दिवे जाऊन पांढरे लख्ख लागले. सगळा हॉल एकदम उघडा पडला, जादू गेली, मुलं गप्प झाली. आई ओरडायला जात होती, "लुल्वा!" साजिदानं तिच्या ओठांपुढे बोट धरलं. मोठ्यानं हाक मारली तर घाबरलेलं मूल आणखी आत सरकतं, हे कासमलासुद्धा तेव्हाच कळलं. ती सावकाश, पाय सपाट टेकत, बर्फावरून चालू लागली. घसरगुंडीमागे बघितलं. बर्फाच्या विटांच्या घरात डोकावली. तिथून एक बोगदा निघत होता, लहान मुलांनी रांगत जायचा, निळसर, वळणाचा, आणि वळणापलीकडे काही दिसत नव्हतं. ती त्याच्या तोंडाशी बर्फावर पालथी झोपली. गाल खाली टेकवला. सगळे बघत होते, आणि तिला कोणी बघतंय हे तिच्या गावीही नव्हतं. आणि मग त्या गप्प हॉलमध्ये कासमनं ऐकलं. अरबी नाही, इंग्रजी नाही. "ये गो बाय. ये. भियाचं नाय काय. हय मी हाय ना. हात दी माझ्याकं." त्याच्या आईची भाषा. दाभोळच्या अंगणातली, कोंबड्यांना हाकलताना आणि पोरांना निजवताना वापरायची. हनियाला त्यांनी ती फार शिकवली नव्हती, शाळेत उपयोग काय म्हणून. साजिदा तेच तेच हळू म्हणत राहिली, आणि थोड्या वेळानं बोगद्यातून एक लाल मोजा घातलेला हात बाहेर आला आणि तिच्या हाताला लागला. ओढून काढलं नाही तिनं. हात धरून तशीच पडून राहिली, काहीतरी पुटपुटत, आणि मुलगी आपण होऊन बाहेर आली, नाक लाल, पिवळी टोपी वाकडी. बोगदा कुठं संपतो ते बघायला गेले होते, दिवे निळे झाले म्हणून तिथंच बसले, असं तिनं म्हणे नंतर सांगितलं. आईनं मुलीला कवळलं, आणि मग एका हातानं साजिदाचं डोकं जवळ ओढून तिच्या कपाळाचा मुका घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कासमनं वाजवल्या नाहीत. त्याचे हात कुठंतरी खिशात राहिले होते.

चहाच्या सुट्टीत, शेकायच्या खोलीच्या काचेला लागलेल्या त्या लाकडी कॅफेत, ती त्याच्यासमोर येऊन बसली तेव्हा तिच्या जाकिटाच्या पुढच्या बाजूला अजून ओल होती. तिनं दोन कडक चहा आणले होते, वेलदोडा घातलेले. तो आलाय हे प्रिन्सीनं सांगितलं असणार.

"कवा आलात? मला दिसला नाहीत."

"दिसलो कसा नाही. दंडाला धरून बाजूला केलंस की."

तिनं क्षणभर आठवून बघितलं, मग डोळे मोठे केले. "या अल्ला! ते तुम्ही?" आणि हसली, हात तोंडाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि कप उचलायला खाली आला. कासमला तिला पुष्कळ काही सांगायचं होतं. तू बर्फावर झोपलीस तेव्हा, असं वाक्य त्यानं मनात दोनदा सुरू केलं. पण इतक्या वर्षांत त्यानं तिचं कौतुक कधी तोंडावर केलं नव्हतं, ते शब्द कुठं ठेवलेत हे त्याला सापडेना. आणि सापडेनात म्हणून जे हाताशी होतं ते बाहेर आलं.

"रिफतला मी हो म्हणालोय. जूनअखेर. कायमचं."

साजिदानं कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला. शेकोटीतले विजेचे निखारे लाल होऊन मावळले, पुन्हा लाल झाले.

"हनियाची बारावी?"

"तिकडं करील."

"आणि मी?"

"तू म्हणजे... आपण सगळेच की."

"मला विचारलं नाहीत." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. हवा गार आहे म्हणावं तसं म्हणाली, आणि म्हणूनच कासमला ते लागलं.

"तू तरी कामाचं मला कुठं..."

"मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तुझी मर्जी."

"म्हणालो होतो."

"मग, ती होती माझी मर्जी." तिनं बोटानं टेबलावरचा पाण्याचा थेंब पुसला. "मला सुपरवायझर करतायत. या शेकायच्या खोलीचं सगळं माझ्याकडं. रविवारी सांगायचंय. मी इन्शाल्ला म्हणून आले. पण मनातून म्हटलं, नुसतं तोंडदेखलं नाय." मग ती म्हणाली, "तुम्हाला जायचं तर जा तुम्ही. मन भरलं असेल इथलं, मी अडवत नाय. हनिया नि मी राहू. राहायचा परवाना कंपनी करून देते, मी विचारून ठेवलंय. तुम्ही या सुट्टीला."

तुम्ही या सुट्टीला. हे वाक्य त्यानं आयुष्यभर ऐकलं होतं, पण बायकांच्या तोंडून, पलीकडून. आखातात राहणाऱ्या नवऱ्यांना गावाकडून म्हटलेलं. त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यात विझलं, कारण ती हसत नव्हती. तिनं सगळा विचार करून ठेवला होता. त्याच्या पाठीमागे नव्हे. त्याच्याच समोर, त्याच घरात, भात वाढता वाढता. त्यानं फक्त बघितलं नव्हतं. तो पडवीचं चित्र डोळ्यांपुढे आणू लागला. खाडी आली, फेरीबोट आली, आरामखुर्ची आली. आतून चहा घेऊन येणारी साजिदा काही येईना. तिला बळेच आणलं तर ती निळ्या जाकिटात यायची, ओल्या छातीची, आणि इकडेतिकडे बघायची, इथं शेकवायला कोण आहे म्हणून.

"आणि मी राहिलो तर?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्याकडे बघितलं, समोरून, बराच वेळ. "तर मला बरं वाटेल," ती म्हणाली. "खरं सांगते. एकटीनं करीन मी. पण बरं वाटेल." तिच्या डोळ्यांत पाणी आलं की बर्फावरच्या लख्ख दिव्यांनी ते आधीच आलेलं होतं, त्याला कळलं नाही. काउंटरवरून प्रिन्सीनं हाक मारली, "साजिदा, यल्ला! रांग लागली!" ती उठली. जाताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ओझरता, इथल्या कोणाच्याही खांद्यावर ठेवला असता तसा. आणि तो तसा होता म्हणूनच त्याला आवडला. मग ती दारातून आत गेली आणि गुडघ्यांवर बसली.

रिफतचा फोन तो अजून बसलेला असतानाच आला. तिकडे संध्याकाळ झाली असणार, मागे कोंबड्या आणि कोणाची तरी मोटरसायकल ऐकू येत होती. रिफत नेहमीसारखा मोठ्यानं बोलत होता. सुतार आलाय, पडवीला कठडा लाकडी करू की लोखंडी, तू सांग, तुला बसायचंय.

"रिफत," कासम म्हणाला, "जूनमध्ये जमायचं नाही."

"का रे? सायब सोडीत नाय?"

"सायबाचं नाही." पुढचं वाक्य सोपं होतं. त्याच्या घराण्यात ते शेकडो वेळा बोललं गेलं होतं, पण नाव दरवेळी पुरुषाचं असायचं. "साजिदाला काम आहे."

रिफतचा आवाज खाली आला. "भाभीला? तिला कसलं काम?"

आणि कासम सांगायला लागला. आधी अडखळत, मग भराभर, कप बाजूला सारून. लुल्वा, पिवळी टोपी, निळा बोगदा, दिवे कसे लागले, हॉल कसा गप्प झाला, ती गाल बर्फाला लावून कशी पालथी पडली आणि काय म्हणाली, आपल्या भाषेत रे, आपल्या! इथल्या बायका तिला विचारत येतात. मोजा काढते ना, तर करंगळीपासून. नाही, तुला कळायचं नाही, ते बघायला पाहिजे. त्याचा आवाज वाढला होता. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे गृहस्थ डोळे उघडून त्याच्याकडे बघत होते, आणि भाषा न कळताही हसत होते. रिफतनं मधे एकदा 'हं' म्हटलं, मग तेही म्हणायचं सोडून दिलं. सगळं सांगून झाल्यावर कासमला दम लागला.

"बरं, बरं," रिफत शेवटी म्हणाला, जरा गोंधळून. "भाभी काम करते. आणि तू तिथं काय करतोस?"

काचेपलीकडे एक लहानसा मुलगा साजिदापुढे दोन्ही हात पसरून उभा होता. तिनं त्याच्या उजव्या हाताची करंगळी धरली.

"मी?" कासम म्हणाला. "मी बघतोय."